ताण्याचं दुसरं टोक

परवा सून साडीला खळ घालत होती. तो आंबूस वास आला आणि मी आमच्या सोलापुरातल्या विणकर आळीत नऊ वर्षांची होऊन उभी राहिले.

उन्हं चढायच्या आत सुताच्या ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, खळ लागायची. गल्लीभर पसरलेल्या ओल्या ताण्याचं एक टोक वडिलांच्या हातात, दुसरं शेजारच्या गुरव्वाच्या. आम्ही तेलुगू, ती कानडी. भांडण मात्र मराठीतून.

त्या वर्षी आळीत सभा झाल्या. ज्यानं त्यानं आपल्या भाषेच्या माणसांनाच धरून राहायचं, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरव्वा आलीच नाही. वडिलांनी तिचं टोक खुंट्याला बांधलं, पण खुंटा काही माणसासारखी ढील देईना, धागे तटातट तुटू लागले.

तेवढ्यात तिचं दार उघडलं. "सोडा त्यो खुंटा, मी हाय की!" म्हणत तिनं टोक धरलं. मागं घरातून तिचा दीर ओरडत होता.

मला वाटलं, मिटलं सगळं.

पुढच्या वर्षी तिचं बिऱ्हाड त्यांच्या लोकांत राहायला गेलेलं. वडिलांनी टोक पुन्हा खुंट्याला बांधलं, आणि सवयीनं ओरडले, "गुरव्वा, जरा ढील दे!"