साखीरच्या वाळूतली अळंबी

"आपा, जंगलात जायचंय, जाड तळाच्या चपला घाल," असं माझा भाऊ अन्वर म्हणाला तेव्हा मला बहरीनला येऊन आठ दिवस झाले होते. या आठ दिवसांत मी मनामातल्या उंच इमारती, सोन्याची दुकानं आणि समुद्राकाठची खजुरीची रांग पाहिली होती. जंगल म्हणावं असं कुठे काही दिसलं नव्हतं. पण दुकान सोडून दोन दिवस बाहेर पडायला तो आपणहून तयार झाला होता, म्हणून मी मुकाट्याने चपला घातल्या.

आधी आमची ओळख करून देते. मी खेड तालुक्यातली, छत्तीस वर्षं मराठी शाळेत शिकवून निवृत्त झालेली. अन्वर माझ्याहून चार वर्षांनी धाकटा. एकतीस वर्षांपूर्वी तो इथे शिंपीकाम करायला आला आणि इथलाच झाला. बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत तो तोब (अरबी पुरुषांचा पायघोळ अंगरखा) शिवतो आणि नईममध्ये दोन खोल्यांत राहतो. तीन वर्षांपूर्वी माझी भावजय गेली. मूलबाळ नाही. मी त्याला घरी न्यायला आले होते. ते त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून मी विषय काढला की "इंशाल्ला" म्हणायचा आणि चहा टाकायला उठायचा. आठ दिवसांत मी आयुष्यात प्यायले नसेन इतका चहा प्यायले.

(घरात आम्ही आमची कोकणी बोलतो. इथे ती वाचकांसाठी सरळ करून लिहिते आहे.)

गुरुवारी दुपारची नमाज आटोपून आम्ही निघालो. गाडीत पुढच्या सीटवर एक म्हातारे गृहस्थ आधीच बसले होते. हे अबू यूसुफ, अन्वरचे घरमालक. वय ऐंशीच्या पुढे, काचबिंदूने नजर जवळजवळ गेलेली. जिथे आम्ही चाललो होतो तिथली कॅराव्हान त्यांचीच. त्यांनी सलाम केला, मी उत्तर दिलं, आणि मग ते अरबीत बराच वेळ काहीतरी बोलले. आयुष्यभर ज्या भाषेत नमाज पढले त्या भाषेतलं मला ओ की ठो कळेना. माझी पंचाईत त्यांच्या लक्षात आली असावी, कारण मग ते हिंदीत शिरले. जुन्या बाजारात हिंदी व्यापाऱ्यांच्या शेजारी आयुष्य काढलेल्या माणसाची हिंदी ती. व्याकरण नव्हतं, पण कुठे अडत नव्हती.

शहर संपलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भुरकट जमीन सुरू झाली. जमिनीवरून तेलाच्या नळ्या आमच्याबरोबर धावत होत्या. मधूनच एखादा तेलाचा पंप मान खालीवर करत उभा दिसे. मग साखीरचा भाग आला आणि तंबूच तंबू. थंडीचे तीनचार महिने इथली माणसं वाळवंटात मुक्काम ठोकतात. ज्यांची घरं वातानुकूलित, तेच लोक सतरंजी टाकून शेकोटीपाशी बसतात आणि त्यात त्यांना मोठा आनंद असतो. आम्ही ते तंबू, झेंडे, दिव्यांच्या माळा आणि वाळूत उडणाऱ्या चारचाकी मोटारसायकली मागे टाकत पुढे गेलो. एका लांबलचक तारेच्या कुंपणापाशी गाडी थांबली. कुंपणापलीकडे प्राण्यांचं राखीव रान होतं, आणि त्यात सरळ लांब शिंगांची पांढरी हरणं शांतपणे उभी होती. कुंपणाच्या अलीकडे एक कॅराव्हान, एक तंबू आणि थोडी झाडं.

"हे जंगल," अन्वर म्हणाला.

मी मोजली. बावीस बाभळी आणि दोन बोरी. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय.

"आपा, इथल्या मानाने हे जंगलच आहे," तो म्हणाला. "तू चष्मा बदल."

कॅराव्हान मला दिली आणि पुरुषांनी तंबू घेतला. कॅराव्हान म्हणजे चाकांवरची पत्र्याची खोली. तिची चाकं वाळूत इतकी रुतली होती की आता ती कुठे जाण्याच्या भानगडीत पडणार नव्हती. आत दोन बाक, छोटी शेगडी, छोटा नळ. पायरी म्हणून बाहेर सिमेंटची वीट. संध्याकाळी भात करायला मी तांदूळ धुतले, जसे घरी धुते तसे, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. मग भांडी धुतली. मग जमिनीवर वाळू दिसली म्हणून तीही पुसून काढली. तेवढ्यात नळ खाकरला आणि बंद पडला.

अन्वर धावत आला. "टाकी रिकामी केलीस? दोन दिवसांचं पाणी होतं ते. इथे काय दारात जगबुडी आहे?"

जगबुडी ही आमच्या खेडची नदी. तिचं नाव त्याच्या तोंडून ऐकून मला बरं वाटलं, म्हणून मी उलट उत्तर दिलं नाही. शुक्रवारी दुपारी अबू यूसुफचे मुलगे येणार होते, ते पाण्याचे कॅन आणतील असं ठरलं. तोवर प्यायच्या बाटल्यांवर भागवायचं. थंडी चांगलीच होती. अन्वरचा स्वेटर घालून मी शेकोटीपाशी बसले, आणि पुन्हा विषय काढला. घराची पश्चिमेची खोली शाकारून घेतली आहे, म्हटलं, नवी खाटही आणली आहे.

"इंशाल्ला," म्हणून तो लाकडं आणायला उठला.

सकाळी उन्हं अंगावर येताच अबू यूसुफ काठी घेऊन तयार झाले. आज फगा काढायचा होता. फगा म्हणजे वाळवंटातली अळंबी, पण जमिनीच्या वर न येणारी. वाळूखाली बटाट्यासारखी फुगते. दर साली येत नाही. थंडीच्या आधी पाऊस पडला तरच, आणि त्या पावसात गडगडाट झाला तर जास्त.

"बिजली बोलेगा, तब फगा आएगा," अबू यूसुफ म्हणाले.

मी चालता चालता थांबले. आमची आई हेच म्हणायची. आभाळ गरजलं की अळंबी उठतात.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. कोकणात अळंबी येतात ती वारुळांवर, ठरलेल्या जागी, ठरलेल्या दिवसांत. ज्याला जागा माहीत तो ती कुणाला सांगत नाही. टोपलीभर अळंबी घेऊन येणाऱ्याला "कुठे मिळाली?" असं विचारलं तर "तिकडे, वर" एवढंच उत्तर मिळतं. आमची जागा आईने मला दाखवली, मी दहा वर्षांची असताना, आणि बजावलं की अन्वरला सांगायची नाही, त्याच्या पोटात काही राहत नाही. तो माझ्या मागे लागायचा. मी त्याला बकरीकडे बघायला पिटाळायची. आई गेली, मी सहासष्ट वर्षांची झाले, पण जागा मी सांगितली नाही. विचारणंही त्याने कधीच सोडून दिलं होतं.

तर फगा शोधायचा म्हटल्यावर मी आपली वारूळ शोधू लागले. एका ठिकाणी मातीचा उंचवटा आणि त्यात भोक दिसलं. मी काठी घातली. आतून फुस्स असा आवाज आला आणि काटेरी शेपटीचा एक फटका काठीवर बसला. मी मागे सरकले ती वाळूत बसलेच. ज्यांना मी दिसतही नव्हते ते अबू यूसुफ नुसत्या आवाजावरून खदखदून हसले.

"ढब आहे तो," अन्वर मला उठवत म्हणाला. "घोरपडीचा इथला चुलतभाऊ. त्याच्या घरात काय काठ्या घालतेस?"

मग अबू यूसुफनी अन्वरच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते दोघे दुसऱ्या बोरीपासून निघाले. अन्वर मला हळूच म्हणाला, "आपा, तू जरा इथेच थांब. ती यांची जागा आहे."

मी समजले. रीत ती रीत. मी बोरीखाली थांबले.

पण म्हातारे थांबले. "बहन को लाओ," ते म्हणाले.

आम्ही तिघे चाललो. अबू यूसुफ सपाता काढून अनवाणी चालत होते. खडे संपून पायाखाली मऊ माती लागली तसे ते हळू झाले. तिथे आखूड, करडी झुडपं होती. ते खाली बसले, त्यांनी माझा हात मागितला आणि माझी बोटं जमिनीवर टेकवली. जमीन किंचित फुगलेली होती आणि तिला भेग गेली होती. तव्यावरची भाकरी टम्म फुगून तिचा पापुद्रा तडकावा तशी. त्यांनी आपली काठी माझ्या हातात दिली.

मी उकरलं. पेरूएवढा, मातकट, खडबडीत गोळा हाती आला. त्याला ओल्या मातीचा वास होता. अर्ध्या तासात नऊ निघाले. फुगवटे अन्वर शोधत होता, मी उकरत होते आणि अबू यूसुफ एकेक फगा हातात घेऊन वजन पाहून हसत होते.

"तुमच्या मुलांना ही जागा माहीत आहे?" मी हिंदीत विचारलं.

"वो लोग दुकान से लाता है," ते म्हणाले. "उनको टाइम नहीं. ये अनवर को मालूम."

अन्वर जमिनीकडे बघत मला म्हणाला, "पाच वर्षं झाली यांची नजर जाऊन. मी गेलो तर यांना इथे कोण आणणार, आपा?"

एवढ्या दिवसांनी हे उत्तर आलं होतं आणि ते ऐकून माझं डोकंच फिरलं. "इथे परक्याच्या फग्याची काळजी," मी म्हणाले, "आणि तिकडे सख्खी बहीण चार खोल्यांत एकटी भिंतींशी बोलते, तिची नाही." हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. पत्रात आणि फोनवर मी नेहमी लिहीत बोलत आले की तू एकटा आहेस, तुझे हाल होतात, तू ये. खरं म्हणजे एकटी मी होते. सोबत मला हवी होती.

अन्वर पुढचा फुगवटा चाचपू लागला. बोलले अबू यूसुफ. आमची भाषा त्यांना येत नाही, पण आवाज कळला असणार.

"मैं रोज़ बोलता है, घर जाओ, बहन अकेला है," ते म्हणाले. "ये सुनता नहीं. तुम ले जाओ इसको. जगह अब तुमको मालूम. अनवर नहीं आएगा, तो तुम आना, मेरे को लाना."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी ज्यांचा हात धरणारा माणूस न्यायला आले होते, ते मलाच आपली जागा दाखवून बसले होते. आणि मी पन्नास-पंचावन्न वर्षं सख्ख्या भावाला बकरीकडे पिटाळत राहिले.

दुपारी मुलगे आले, पाणी आलं. फगा सात पाण्यांतून धुवावा लागतो, आणि या खेपेला मी एकेक पाणी जपून वापरलं. सोलून, कांद्यावर तुपात परतून तो भातात घातला. या मसालेभाताला इथे मचबूस म्हणतात. चव अळंबी आणि उकडलेला सुरण यांच्या मधली. सात पाण्यांनंतरही दाताखाली एक खडा आलाच. सगळ्यांत मोठा फगा अबू यूसुफनी चाचपून माझ्या पानात टाकला. त्या दिवशी मी विषय काढला नाही. शनिवारीही नाही.

मंगळवारी अन्वर मला विमानतळावर सोडायला आला. बॅग आत जायच्या आधी मी त्याला बाजूला घेतलं.

"ऐक," मी म्हणाले. "वरच्या सड्यावर, माळाचा कातळ संपतो तिथे किंजळीचं जुनं झाड आहे. त्याच्यापासून ओढ्याकडे उतरायचं. करवंदीच्या जाळीमागे तिसरं वारूळ."

त्याने बॅग खाली ठेवली. मग म्हणाला, "मला माहीत आहे, आपा."

"कधीपासून?"

"नऊ वर्षांचा असल्यापासून. बकरी पण तिकडेच चरायची की. तुझ्या आधी पहाटे जायचो. अर्धी खायचो भाजून, अर्धी तुझ्यासाठी ठेवायचो. आई विचारायची, यंदा एवढीच का, आणि तू म्हणायचीस, पाऊस कमी."

मला हसू आलं आणि रडूही आलं. येशील का, हे मी त्याला विचारलं नाही. तोच म्हणाला, "अळंब्यांच्या दिवसांत येतो. इंशाल्ला."

अळंब्यांच्या दिवसांत तो खरंच आला. उन्हाळ्यात वाळवंटात काही काम नसतं, जा आणि थंडीला परत ये, असं अबू यूसुफनीच त्याला सांगून पाठवलं होतं. म्हणजे चार महिने कोकणात आणि बाकीचे बहरीनला. मी न्यायला गेले होते सगळा भाऊ, हाती आला एक तृतीयांश. पण तो आला, आणि पश्चिमेच्या खोलीतून आता रात्री खोकल्याचा आवाज येतो, याचं मला किती बरं वाटतं ते लिहिता येत नाही.

तो आला त्याच्या दुसऱ्याच रात्री आभाळ गरजलं. पहाटे उठले तर त्याची खाट रिकामी. फजरच्या नमाजीला मशिदीत गेला असेल म्हणून मी छत्री घेऊन एकटीच सड्यावर गेले. किंजळ ओलांडली, करवंदीची जाळी बाजूला केली. तिसऱ्या वारुळावर पांढरी छत्रं उभी होती, आणि त्यांच्या शेजारी माती नुकतीच हलवलेली होती. तिथली अळंबी कुणीतरी हलक्या हाताने काढून नेली होती.

मी मोजलं. बरोबर अर्धी. उरलेली ओढणीत घेतली आणि घरी आले.