पोखरी घाट, एका सकाळी दोनदा

पोखरी घाट सायकलवरून एकटीने चढायचा विचार असेल, तर चढाची काळजी नंतर करा. मदत करणाऱ्या माणसांचं काय करायचं ते आधी ठरवा. मी ठरवलं नव्हतं, म्हणून एकाच सकाळी तो घाट मला दोनदा चढावा लागला.

मी नारायणगावजवळच्या पिंपळवंडीची, वय सत्तेचाळीस. गेल्या वर्षी गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. पुढे डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली, घरच्यांनी मात्र दिली नाही. दळणाचा डबा उचलला की सासूबाई ओरडतात, जिना चढायला लागले की नवरा मागे हात पसरून उभा. प्रेम आहे, मान्य. पण वर्षभर हेच चाललं की डोकं फिरतं. त्याहून वाईट म्हणजे आपलं अंग खरंच कामातून गेलं की काय, अशी शंका मलाच यायला लागली होती. म्हणून ठरवलं, डिंभे धरणाच्या पुढचा, भीमाशंकरच्या वाटेवरचा पोखरी घाट एकटीने चढायचा. मध्ये पाय टेकायचा नाही, कुणाची मदत घ्यायची नाही. जमलं तर मी बरी झाले आणि विषय संपला.

आमच्याकडे उसात बिबट्या असतो, त्यामुळे उजाडल्याशिवाय निघता येत नाही. इकडून कुणी सायकलने निघणार असाल तर हे लक्षात ठेवा. नारायणगाव ते मंचर महामार्ग, रस्ता चांगला, पण टोमॅटोचे पिकअप कानाजवळून जातात. मंचरपर्यंत नवऱ्याचे तीन फोन येऊन गेले. तिसऱ्याला म्हणाला, "मी सहज गाडी काढून मागनं येऊ का?" मी फोनच बंद केला.

घोडेगावात मिसळ खाल्ली, सत्तर रुपये, रस्सा झणझणीत. चढाच्या आधी खाऊ नका, मला पुढे पोखरीपर्यंत त्याची आठवण येत होती. हॉटेलवाल्याने सायकल दोनदा गोल फिरून बघितली आणि विचारलं, "ताई, गाडी बिघडली का घरची?" नाही म्हटलं. "मग एसटी चुकली?" तेही नाही म्हटलं. मग वरून घेतलेल्या चहाचे पैसे तो घेईना. असल्या दयेचं काय करायचं मला कळत नाही. दहा रुपये टेबलावर ठेवून मी निघाले.

डिंभ्याचं पाणी उजव्या-डाव्या हाताला दिसत राहतं तोवर मजा आहे. बाटल्या गोहे गावात भरून घ्या, पुढे घाटात दुकान नाही. चढ सुरू झाला की पहिल्या दोन वळणांतच कळतं की हे प्रकरण वेगळं आहे. मागचं सगळ्यात मोठं चक्र, म्हणजे सगळ्यात हलका गिअर टाकूनही पाय भरून येतात, आणि वळणाच्या आतल्या बाजूला तर रस्ता अंगावरच येतो. खड्डे आहेत, खडी सुटली आहे.

तिसऱ्या वळणावर एक पिकअप शेजारी येऊन माझ्याच वेगाने चालू लागला. "ताई, टाका मागं सायकल. रिकामाच चाललोय." मी मान हलवली. "पैसं न्हाई घेणार ओ." मी परत मान हलवली. मला बोलायला दम नव्हता आणि त्याला जायला मन नव्हतं. शेवटी मागून एसटीने हॉर्न मारला तेव्हा तो हलला.

माथा दिसायला लागला, फार तर दोनशे पावलं राहिली असतील. मांड्या पेटल्या होत्या, पण आज जमतंय हे मला कळलं होतं. तेवढ्यात मागून मोटरसायकल आली. साठी ओलांडलेले एक काका चालवत होते आणि त्यांच्या मागे त्यांची बायको एका अंगाने बसलेली. काका म्हणाले, "अगं, ढकल त्यांना." मावशींनी माझ्या पाठीवर पंजा ठेवला आणि मोटरसायकलच्या जोरावर मी वर जाऊ लागले.

आता माझी पंचाईत बघा. ब्रेक दाबावा तर पाय टेकणार. ओरडावं तर श्वास नाही. मी खांदा झटकला, तर काका म्हणाले, "नीट धर, पडतील त्या." अशी मी स्वतःच्या इच्छेविरुद्ध माथ्यावर पोचले.

उतरल्यावर श्वास परत आला आणि मी बोलून घेतलं. कुणी सांगितलं होतं ढकलायला, मी मागितली होती का मदत, मला पाय न टेकता एकटीने यायचं होतं, सगळं. मला रडू यायला लागलं होतं, त्यामुळे आवाज आणखीच चढला.

काकांचा चेहरा उतरला. "पाय टेकायचा न्हाई? कुणाचा हात लागायचा न्हाई?" त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "म्हंजी भीमाशंकराला नवस बोललाय तुमी. आन आमी मोडला की वो." बायकोकडे वळून म्हणाले, "तुला कुणी हात लावाया सांगितला व्हता?"

"तुमीच की," मावशी म्हणाल्या.

नवस नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं. पण तसं सांगितलं तर मग कशाला एवढा आटापिटा, हे सांगावं लागलं असतं, आणि रस्त्यात उभं राहून अनोळखी माणसाला गर्भपिशवीची गोष्ट कुठे सांगत बसू? मी म्हटलं, "परत खाली जाते आणि परत चढते."

"जावा," काका म्हणाले. "आता तुमाला कुणी हात लावत न्हाई. ही जबाबदारी माजी."

दुसऱ्यांदा चढताना माझ्यात काही उरलं नव्हतं. पण वरून जी गाडी उतरे तिला काकांनी थांबवून सांगितलेलं असायचं. जीप कडेला थांबायची, आतली माणसं हात जोडायची. मेंढरांचा एक कळप आडवा आला, तर त्या मेंढपाळाने पळत पळत सगळी मेंढरं नाल्याकडे दाबली आणि मला म्हणाला, "जावा माय, वाट मोकळी हाय." देवाला कधी काही न मागणारी मी, भलत्याच पुण्याईवर वळणं घेत होते. शरम वाटत होती, चीडही येत होती. पाचव्या वळणावर चाक खडीत घसरलं, डावा पाय पेडलवरून सुटला आणि जमिनीपासून वीतभर वर लटकला. कसा परत चढवला मला माहीत नाही. त्यानंतर मात्र मी डांबर सोडून कुठेही बघितलं नाही.

आणि पोचले. पाय न टेकता, कुणाचा हात न लागता. काका-मावशी दीड तास तिथेच उन्हात बसले होते. मी सायकलवरून उतरले आणि रस्त्यातच बसून हसत सुटले. अंग माझंच होतं, चांगलं चालत होतं.

काकांनी कुठून तरी नारळ पैदा केला होता. ते तो फोडायला दगड शोधत पलीकडे गेले, तेव्हा मावशी माझ्याजवळ सरकल्या. सायकलच्या सीटवर त्यांनी हात फिरवला, हँडल धरून बघितलं, ब्रेक दाबला. मग नवऱ्याकडे एकदा बघून हळूच म्हणाल्या, "ताई, मला यील का शिकाया?"

"आता या वयात कशाला मावशी?" मी म्हणाले. "पडाबिडाल कुठं तरी."

त्यांनी हँडल सोडलं. "व्हय, ते बी खरं," म्हणाल्या आणि पदर सारखा करून मोटरसायकलपाशी जाऊन उभ्या राहिल्या. काकांनी खोबरं दिलं, मी खाल्लं, निरोप घेतला. मी काय बोलून बसले ते मला डिंभ्याला पाणी पिताना उमगलं. तेव्हा परत वर जायला हवं होतं. गेले नाही.

संध्याकाळी घरी पोचले. नवरा फाटकात उभा होता. "जमला?" त्याने विचारलं. जमला म्हटलं. त्याने सायकल आत घ्यायला हात पुढे केला. एरवी मी त्याच्यावर खेकसले असते, त्या दिवशी मावशींनी सोडलेलं हँडल आठवलं आणि मी सायकल त्याच्या हातात दिली.