टिकलीचं पेन

बाईला सवत असावी तर ती निदान बाई तरी असावी. माझ्या नशिबी आली ती मांजर. गॅलरीतून एक दिवस आत शिरली, यांच्या मांडीवर बसली आणि तिथलीच झाली. वर पुढे तिला निघाला मधुमेह.

मधुमेह मलाही आहे. कित्येक वर्षं मी रोज संध्याकाळी सात वाजता फ्रिजच्या दारातलं इन्सुलिनचं पेन काढते, पोटाची चिमूट धरते आणि टोचून घेते. आमचे हे अंबडच्या कारखान्यातून रिटायर झालेले. जन्मभर लोखंड कापलं, पण माझी सुई निघाली की पेपर तोंडासमोर धरणार. "मला नाही बघवत गं," म्हणणार. मीही म्हणायचे, जाऊ दे, असतो एकेकाचा जीव हळवा.

मग मांजर वाडगंभर पाणी ढोसायला लागली. खायची बकाबका आणि वाळत चालली होती. हे घाबरले. तिला टोपलीत घालून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, मी स्कूटरवर मागे टोपली धरून. बाईंनी रक्त तपासलं आणि म्हणाल्या, "शुगर आहे हिला. इन्सुलिन द्यावं लागेल." खास मांजरांचं इन्सुलिन आपल्याकडे मिळणं कठीण, पण माणसांचं, जे बराच वेळ टिकतं, ते चालतं. फक्त अगदी थोडं, त्या सांगतील तेवढंच. त्यांनी नाव लिहून दिलं. मी वाचलं. माझंच की ते!

"अहो, हे तर घरात आहेच!" हे केवढ्या आनंदाने म्हणाले. माझ्या शुगरचा कोणाला इतका आनंद झालेला मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

बाईंनी बजावलं की पेन वेगळं ठेवा, एकमेकींचं वापरायचं नाही. यांनी नवं पेन आणलं आणि ओळखू यावं म्हणून त्यावर लाल टिकली चिकटवली. माझ्या पाकिटातली. विचारलंसुद्धा नाही.

आणि टोचणार कोण? हेच! साबणाने हात धुऊन, चष्मा लावून, मांजरीला स्टुलावर बसवून. "आज कुठली बाजू, बाळा? डावी? झालं हं, झालं, झालं." मी ओट्याशी उभी, हातात माझं पेन. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. ती दोन दिवसांची पाहुणी 'बाळा' झाली, मी लग्नापासून आजतागायत 'अगं'च आहे.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तर! बाईंनी दूधभात बंद केला. मांजराला मांसच हवं म्हणाल्या. आता आमचे हे माळकरी, घरात अंडं येत नाही. माझं माहेर इगतपुरीचं, रेल्वे क्वार्टरमधलं. रविवारी आमच्याकडे रस्सा नसेल तर तो रविवार नव्हे. यांच्या माळेपायी मी तो सोडला तो सोडलाच. आणि या गृहस्थांनी गॅलरीत वेगळी शेगडी मांडली, वेगळं पातेलं आणलं आणि नाकाला उपरणं बांधून चिकन उकडलं! मी आत पोळ्या लाटत होते. तो वास आला आणि माझी पोळी पोळपाटावरच फाटली.

त्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या इन्सुलिनचा तुटवडा पडला. "वरूनच माल नाही," सगळे मेडिकलवाले एकच सांगायचे. माझं संपत आलं होतं, तिचंही. यांनी सिडको, पंचवटी, नाशिकरोड पालथं घातलं. शेवटी मनमाडला एका दुकानात असल्याचं कळलं, तेव्हा थर्मास घेऊन सकाळच्या गाडीने तिकडे गेले. मी बाळंतपणाला इगतपुरीला होते तेव्हा याच माणसाला गाड्या मिळत नव्हत्या.

मनमाडहून आली एकच कार्ट्रिज, पेनात भरायची इन्सुलिनची नळी. ती टेबलावर ठेवून आम्ही समोरासमोर बसलो. माझ्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की माझ्यासाठी दुसरं, तशाच कामाचं मिळतंय, फक्त काही दिवस शुगर सारखी तपासावी लागेल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मांजर आत्ता कुठे रुळावर आलीय, शक्यतो तिचं बदलू नका. हे माझ्याकडे बघत राहिले.

"घाला तिलाच!" मी फणकाऱ्याने म्हटलं.

बायको असं म्हणते तेव्हा त्याचा अर्थ काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. हे "बरं" म्हणाले आणि टिकलीच्या पेनात ती भरून मोकळे झाले.

नवं इन्सुलिन मला मानवेपर्यंत माझी शुगर खालीवर होत राहिली, डोकं गरगरायचं. मी बोट टोचून तपासायला बसले की हे शेजारी हजर, मांजरीला काखेत घेऊन. तिच्या कानातल्या रक्ताचा थेंब त्याच मशीनवर घ्यायचा असायचा ना. "झालं का तुझं?" विचारायचे. किती आली, ते नाही विचारायचे.

मांजरीची शुगर मात्र उतरत गेली. बाईंनी इन्सुलिन आधी कमी केलं, मग एक दिवस बंदच करून टाकलं. "मांजरांचं सुटतं कधी कधी," त्या म्हणाल्या. "पण लक्ष ठेवा, परत लागू शकतं." माझं का नाही सुटत, हे ओठांवर आलं होतं, गिळलं. मेलीने त्यातही मला मागे टाकलं! येताना यांनी पेढे घेतले. मधुमेहाच्या घरात पेढे! बिल्डिंगभर वाटले. एक माझ्यापुढे धरला, मग आठवण झाली आणि स्वतःच्या तोंडात टाकला.

सात वाजले. मी माझं पेन काढलं. हे स्टुलापाशी उभे, हातांना काम नाही.

"काय हो, टोचायला आता कोणी उरलं नाही वाटतं?"

"असं काय बोलतेस?"

"मग कसं बोलू? इतकी वर्षं तुमच्या पेपरामागे बसून मी टोचून घेतेय. दुखतं का, असं एकदा तरी विचारलंत?"

हे हळूच म्हणाले, "तू कधी म्हणालीसच नाहीस, मला टोचून द्या म्हणून."

"तिने तरी कुठे म्हटलं होतं?"

हे बेसिनपाशी गेले, साबणाने हात धुतले, चष्मा लावला आणि माझ्या हातातलं पेन घेतलं. त्यावरचा आकडा दोनदा तपासला. तिला टोचताना एकदाच तपासायचे, हेही मी बघून ठेवलं.

"कुठली बाजू?" त्यांनी विचारलं.

मी स्टुलावर बसायला गेले, तर मांजर आधीच तिथे चढून बसलेली, सवयीने मान पुढे करून.

"ऊठ गं सटवे," मी म्हटलं. "आता माझा नंबर आहे."