मोरीतली शहाबादी

भिजलेल्या शहाबादी फरशीला साबणाचा, शेवाळाचा आणि किंचित लोखंडाचा मिळून एक वास येतो. उधन्याच्या यंत्रमाग-वस्तीतल्या आमच्या घरातला तो वास आला, की माझ्या पायांची बोटे आपोआप आवळली जात. त्याच मोरीत माझा पाय सरकला होता, आणि पाचव्या महिन्यातले पहिले मूल गेले होते. नव्वदीच्या दशकाची ती सुरुवात. दीड वर्षाने पुन्हा दिवस राहिले. रोज सकाळी मी तांब्या हातात घेऊन त्या दाराशी थांबून राही; आतली ओल काळसर चकाके.

सहावा महिना लागला तेव्हा नवऱ्याने कारखान्यात खाडा केला आणि गवंडी आणला. जुन्या फरशा फोडून खडबडीत टाइल्स बसवायच्या होत्या. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. खानदेश सुटून वीस वर्षे झाली, तरी त्यांची अहिराणी सुटली नव्हती.

“घरमा पोटुशी बाई शे, नि तू भुई फोडशी?”

“नि ती परत पडनी तं?” नवरा म्हणाला.

तरी त्या दारातून हलल्या नाहीत. गर्भारणीच्या घरात घातलेला घाव गर्भावर उमटतो, हे मी माहेरीही ऐकले होते. माझ्या शिकलेल्या मनाने ते नाकारले होते. पोटाने नाकारले नव्हते.

घमेले पालथे घालून त्यावर बसलेला गवंडी मराठवाड्याचा होता. “मावशी, मायलेकांचं आधी ठरू द्या,” तो म्हणाला. “माझा हातोडा काय रुसत नाही.”

अखेर सासूबाईंनीच मार्ग काढला. फोडायचे नाही, पहारेने एकेक फरशी उचलायची. “एक ठोका ऐकू उना, तं तुना च्या बंद,” चहाचा कप पुढे करत त्यांनी गवंड्याला बजावले.

फरशा निमूट निघाल्या. खालच्या काळ्या मातीचा कोंदट श्वास घरभर पसरला. पाणी जाण्याच्या भोकाजवळची शेवटची फरशी मात्र सिमेंटने धरून ठेवली होती. गवंड्याने माझ्याकडे पाहिले. सासूबाईंनी माझे मनगट धरले आणि मला गल्लीच्या टोकाला, यंत्रमागांच्या शेडपाशी नेऊन उभे केले. त्या खडखडाटात एक ठोका ऐकू येणे शक्यच नव्हते. मला तो ऐकू आला.

सकाळपासून पोटात चाललेली चुळबुळ थांबली. दुपारभर मी गूळ खाल्ला, पाणी प्यायले, डाव्या कुशीवर निजले. आत काहीच हलेना. दिवेलागणीला एक बारीक धक्का बसला. सासूबाईंना सांगितले, तेव्हा त्या दिवसातला पहिला घास त्यांनी तोंडात घातला.

आठवडाभर आम्ही शेजारी अंघोळ केली. मग सिमेंट वाळले, आणि माझा पाय उंबऱ्यापाशी अडला. टाइल्स करड्या, कोरड्या, मांजराच्या जिभेसारख्या खरखरीत होत्या, तरी अडला.

सासूबाईंनी मला बाजूला सारले. बादलीत साबण कालवून तो सबंध जमिनीवर ओतला. लुगडे वर खोचले आणि दुखऱ्या गुडघ्यांनिशी, अनवाणी, त्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालल्या. वळताना गुडघा लचकला. तळवा मात्र जागचा हलला नाही. त्या आणखी एकदा चालल्या. मग फेसात उभे राहून त्यांनी हात पुढे केला. मी तो दोन्ही हातांनी धरला, पाऊल उचलले, आणि ते तसेच अधांतरी राहिले.

“टेक.”