प्रसादाची साखर

आमच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे. देवासमोर उभं राहून गावाचं मागणं खणखणीत आवाजात सांगायचं आणि दर मागण्याला गावाने "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ द्यायची. बाकी कुठल्याच कामात माझा खणखणीतपणा कुणाला आढळलेला नाही.

गेल्या शिमग्यात "रोगराई दूर कर रे म्हाराजा!" म्हणताना मी शेवटी असा काही जोर लावला, की वरची कवळी सुटून थेट पुढ्यातल्या विड्याच्या पानांवर जाऊन बसली. गावाने शिस्तीत "व्हय म्हाराजा!" म्हटलं आणि मग देवळात जे हसू फुटलं! देव तेवढा हसला नाही. उरलेलं गाऱ्हाणं चुलतभावाने पुरं केलं. नको तितकं छान.

मान हातचा जाणार, हे दिसू लागलं. तेव्हाच ठरवलं, हाडात स्क्रू बसवून पक्के दात घ्यायचे. इम्प्लांट! श्रावणात कुडाळला गेलो. दातांच्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या.

"काका, डायबेटिस आहे म्हणून इम्प्लांट होतच नाही असं नाही. पण साखर आटोक्यात हवी. नाहीतर जखम भरत नाही, हिरडी पिकते, स्क्रू हाडात धरत नाही. तीन महिने पथ्य करा, मग रिपोर्ट बघू. गोड खाता?"

"छे! चहासुद्धा बिनसाखरेचा."

चहापुरतं ते खरंच होतं. पण पुढे सत्यनारायण, चवथ, घरोघरची भजनं, नवरात्र. मानकरी म्हणून प्रसाद पहिला माझ्या हातावर. शिरा, मोदक, पंचखाद्य. बायको डोळे वटारायची.

"अगो, प्रसादाची साखर अंगाक लागना नाय," मी समजूत घालायचो.

"ह्या तुमच्या रगताक ठावक आसा काय?"

तरी खबरदारी म्हणून तपासणीआधी आठवडाभर कारल्याचा रस प्यायलो, प्रसादाला नुसते हात जोडले आणि पेपर फुटलेल्या विद्यार्थ्याच्या थाटात रक्त देऊन आलो.

बाईंनी रिपोर्ट पाहिला, मग मला पाहिलं. "काका, ही तपासणी आठवड्याच्या उपासाला फसत नाही. मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगते. गोड खात नाही म्हणालात ना?"

"नाही हो. थोडा प्रसाद, तेवढाच."

"थोडा?" सोबत आलेल्या बायकोने तोंड उघडलं. "देवापेक्षा जास्त नैवेद्य ह्यांनी खाल्लान!"

"मग आत्ता इम्प्लांट नाही. साखरेच्या डॉक्टरांना भेटून औषध बघा, मनापासून पथ्य करा. मग पुन्हा या."

त्यामुळे जत्रेला गाऱ्हाणं घालायला चुलतभाऊ. मी मागे गर्दीत उभा. पाऊसपाणी, गुरंढोरं, मुंबईकर सगळे उरकून त्याने माझ्याकडे मान वळवली. बायकोने त्याला आदल्या दिवशी चहाला का बोलावलं होतं, ते मला तेव्हा उमगलं.

"देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराक साखरेची जी काय पीडा आसा, ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"दात पक्के बसले, तर पुढचा गाऱ्हाणा तोच घालीत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि दात बसतत तवसर ह्येच्या हातार जो कोण प्रसाद ठेवीत, त्येका तूच बघून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला. जन्माची सवय, त्यात माझाही आवाज होता. कवळी हाताने दाबून धरून काढलेला.