आत्याच्या सिनेमाचा पहिला खेळ

मुलांनो, २००५ साली आम्ही अमेरिकेत एडिसनला राहत होतो आणि तुमच्या आत्यानं, म्हणजे माझ्या लेकीनं, आपला पहिला सिनेमा पूर्ण केला होता. घर सोडून जुन्या गाडीत राहणाऱ्या, गावोगाव भटकणाऱ्या तीन तरुण पोरांची ती गोष्ट. शेजारच्या गावातल्या एका लहान थिएटरच्या मालकानं तिला सांगितलं होतं, "पहिला खेळ भरला तर आठवडाभर चालवीन, नाहीतर दुसऱ्याच दिवशी उतरवीन."

लोकांना फोन करायचं काम मी घेतलं. आपली मंडळी कुठल्याही कार्यक्रमाला तासभर उशिरा येतात, म्हणून सहाचा खेळ मी सगळ्यांना पाचचा सांगितला. आत्या वैतागली.

"आई, दॅट्स चीटिंग!"

"चीटिंग नाही गं, प्लॅनिंग."

साडेपाच वाजले तरी थिएटर रिकामंच होतं. मी दाराशी येरझाऱ्या घालत होते. मग एकेक गाडी आत वळू लागली. "सॉरी हं, फार उशीर झाला का?" असं विचारत सगळे धावतच आले, आणि सहाला एकही खुर्ची रिकामी उरली नाही!

पडद्यावर ती पोरं कडाक्याच्या थंडीत गाडीत उपाशी झोपली, तेव्हा मागून एक काकू मोठ्यानं म्हणाल्या, "अगं बाई, यांना कुणी जेवायला तरी घाला!" सगळे हसले. पण शेवटी दिवे लागले तेव्हा बरेच जण डोळे पुसत होते.

मालक दाराशीच उभा होता. त्यानं आत्याला विचारलं, "उद्यापासून रोज दोन खेळ लावू?"

तिनं तोंड उघडण्याआधीच मी "हो, हो!" म्हणून टाकलं.