धरमकाट्यापर्यंत धावून या!

युसुफभाईंच्या दुकानात माणूस जुने बूट ठेवायला यायचा आणि बुटांसोबत एक गोष्टही ठेवून जायचा. बूट आज ना उद्या विकले जायचे, गोष्ट मात्र कुणी न्यायचं नाही! ती आमच्याकडेच पडून राहायची. आता इतक्या साठल्यात की एक सांगायला घेतली की मागच्या चार धक्काबुक्की करत पुढे येतात. म्हटलं, थोड्या तरी खाली कराव्यात.

आधी दुकान समजून घ्या. गडचिरोलीत चंद्रपूर रोडला टिनाच्या छपराखाली तीन फळ्या, एवढंच ते दुकान. युसुफभाई पिढीजात जोडे शिवणारे. तुम्ही वापरलेले बूट आणून द्यायचे, ते शिवून, धुऊन फळीवर मांडणार, आणि विकले गेले की आपला वाटा ठेवून बाकी तुम्हाला देणार. मी शाळेत पीटी शिकवायचे. शाळा सुटली की त्यांच्या बाकावर माझा चहा ठरलेला. शेजारी प्रवीणचं सायबर कॅफे होतं, त्यामुळे तोही तिथेच. आम्ही तिघं मिळून दुकानाची कमिटी! कुणी नेमलेली नव्हती, पण होती.

नियम दोनच. पहिला, प्रत्येक जोडाच्या नाडीला पुठ्ठ्याची चिठ्ठी, आणि तिच्यावर त्या बुटाची खोट. खोट लिहिल्याशिवाय बूट फळीवर चढायचा नाही. दुसरा, घेणाऱ्याने बूट घालून धरमकाट्यापर्यंत धावत जाऊन धावतच परत यायचं. धरमकाटा म्हणजे बांबूचे ट्रक वजन करायचा काटा, दुकानापासून सरळ रस्त्याने अर्धा किलोमीटर. कुणी बाकावर बसूनच पाय हलवून पाहायला लागला की युसुफभाई म्हणायचे, "बसल्या बसल्या तं सगळेच बूट चांगले राह्यते, भाऊ!"

*

एकदा एक मोठे साहेब आले. पांढरेशुभ्र स्पोर्ट शूज, डब्यासकट. "यात काही खोट नाही. लिहायचं कारण नाही," साहेबांनी ऑर्डरच सोडली.

युसुफभाईंनी बूट उलटा केला, तळव्यावर बोट फिरवलं आणि शांतपणे चिठ्ठी लिहिली, 'बूट चाललेला नाही. गाडीत बसलेला आहे.'

साहेबांनी ती वाचली. कान लाल! बूट उचलून तडक गाडीत बसले. प्रवीण म्हणाला, "चाचा, आता नोटीस येते पहा तुमाले."

नोटीस आली नाही. महिनाभराने साहेबच आले, पायी, घामाघूम. तेच बूट, आता लाल मातीने माखलेले. तळवा युसुफभाईंच्या नाकासमोर धरून म्हणाले, "लिहा आता!"

युसुफभाईंनी नीट तपासलं आणि नवी चिठ्ठी लिहिली, 'एक महिना चालला. अजून शिकून राह्यला आहे.'

*

कुरखेड्याचा एक जण आला होता. धानाचा शेतकरी, अंगाने काटक. बूट घातले, स्वतःच्या चपला बाकाखाली सरकवल्या आणि धरमकाट्याकडे धावत सुटला. आम्ही पाहत बसलो. माणूस लहान लहान होत गेला आणि दिसेनासा झाला. परत काही आलाच नाही!

"गेले बूट," मी म्हटलं.

"कुठी जाते? त्याच्या चपला हायेत ना इथी," युसुफभाई म्हणाले. त्या चपला कुत्र्यानेसुद्धा उचलल्या नसत्या, पण युसुफभाईंनी त्या पुसून कोपऱ्यात नीट ठेवल्या. वर एका चपलेचा अंगठाही शिवून टाकला!

चौथ्या दिवशी तो हजर. काट्याजवळ कुरखेड्याची एसटी उभी दिसली, ती चुकली असती तर पंचाईत, म्हणून तसाच चढला म्हणे. आणि मग तीन दिवस बूट घालून धानाच्या बांध्यांमधून फिरला. त्याच्या चेहऱ्यावर चोरीची शंकासुद्धा नव्हती. बूट काढून समोर ठेवले आणि म्हणाला, "भाऊ, बाकी बराबर हाय. पन डावा जरासा चावते. दुसरा दाखवा."

*

दोन हजारनंतर काही वर्षांत इंटरनेट आलं आणि प्रवीणच्या अंगात संचारलं. नेटवर लोक जुने बूट बोली लावून विकतात, हे त्याने शोधून काढलं. रोज येऊन सांगायचा, "चाचा, तुमचं दुकान आता म्युझियममध्ये जाते! फोटो टाका, माल विका. ना धावणं, ना चिठ्ठी!"

बँकेतल्या एका क्लार्कने त्याचं ऐकलं. नेटवरून भारीतले बूट मागवले, फोटोत तर काय झळाळत होते! पार्सल आलं, दोन दिवस साऱ्या बँकेने कौतुक केलं. तिसऱ्या दिवशी पावसाची सर आली आणि तळवा वेगळा, बूट वेगळा. बिचारा तो जोड विकायला आमच्याकडेच घेऊन आला. आता याची खोट काय लिहिणार, म्हणून मी वाकून पाहिलं.

युसुफभाईंनी लिहिलं होतं, 'फोटोत चांगला दिसते.'

*

तरी प्रवीण हटेना. शेवटी युसुफभाईंनी एक जोड नेटवर टाकायला परवानगी दिली, पण चिठ्ठी जशीच्या तशी टाइप करायची या अटीवर. चिठ्ठी होती, 'दोन पावसाळे वापर. त्यातला एक भामरागडचा.'

प्रवीण हात जोडत होता, "चाचा, भामरागडचा पाऊस कायले लिहिता? लोकं समजतील बूट सडला असंल!"

पुण्याहून एकाने खरंच विचारलं, भामरागडचा म्हणजे नक्की काय? युसुफभाई म्हणाले, "लिही त्याले. तिकडे पावसात रस्ताच नाई राह्यत. मानूस नदीतून जाते, तवा बूट पायात नाई, डोक्यावर राह्यते. म्हनून एकच पावसाळा पकड!"

बूट गेला पुण्याला. पार्सल प्रवीणनेच बांधलं, चिठ्ठीसकट.

*

आता माझ्या जोडाची गोष्ट. ही सांगताना मला नेहमी थोडी मान वर करावीशी वाटते, ती करू द्या.

नव्वदच्या दशकात मी विद्यापीठाकडून धावायचे. बाबा आयटीआयमध्ये शिकवायचे. त्यांनी नागपूरहून मला परदेशी कंपनीचे धावायचे बूट आणले होते, निळे, पिवळ्या पट्ट्याचे. आठ नंबर. माझा पाय हा आमच्या घरात कायमचा चेष्टेचा विषय! पुढे गुडघा गेला, धावणं थांबलं. घरात ते बूट बघवेनात, म्हणून युसुफभाईंकडे ठेवले. विकायला नाही. पोलीस भरतीला उतरणाऱ्या ज्या मुलीकडे बूट नसतील तिने ते न्यावेत आणि पास झाली की परत आणावेत. पुढे चिंधी कोंबली की कुणालाही बसायचे. युसुफभाईंनी दोनदा तळवा बदलला. त्या बुटात एकामागून एक तीन मुली भरती झाल्या. चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, 'तळवा माझा, वरचं कंपनीचं. तीन पास.'

प्रवीणने गुपचूप त्यांचा फोटो नेटवर टाकला. मुंबईच्या एका गृहस्थांनी जी बोली लावली ती ऐकून माझा चहा सांडला. ते मॉडेल म्हणे आता कुठेच मिळत नाही! तळवा बदललाय असं कळवलं, तर त्यांचं उत्तर आलं, चालेल, काचेच्या कपाटातच ठेवायचेत.

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. त्या रकमेत नवी स्कूटी आली असती आणि दुखऱ्या गुडघ्याला आराम मिळाला असता. मी युसुफभाईंना म्हटलं, "तुमच्या नियमाने जे व्हायचं ते होऊ द्या." त्यांनी नुसती मान हलवली.

ते गृहस्थ ताडोब्याला वाघ बघायला आले होते, तिथून गाडी काढून थेट आमच्याकडे. आणि त्याच दुपारी भामरागडकडून रेखा मडावी आली. माझ्याच एका विद्यार्थिनीने पाठवलेली. पूर उतरायची वाट बघत तीन दिवस नदीकाठी अडकली होती. परवा भरती, आणि पायात रबरी चप्पल! ती बाकाच्या टोकाशी बसली, फळीवरच्या निळ्या बुटांकडे बघत. मला तिच्याकडे बघवेना.

"पॅक करा," गृहस्थ म्हणाले.

"घाला," युसुफभाई म्हणाले. "धरमकाट्यापर्यंत जाऊन या."

"अहो, मला घालायचेच नाहीत!"

"इथी धावल्याबिगर बूट भेटत नाई, साहेब. नियम हाय."

माणूस खेळकर होता. हसला, बूट घातले. आठ नंबर, बरोब्बर बसले! बायको गाडीतून फोटो काढत होती, तो ऐटीत धावत निघाला.

बराच वेळ झाला. मग रस्त्यावर एक लुना दिसली. पुढे दूधवाला, मागे कॅन, आणि कॅनला मिठी मारून आमचे गृहस्थ. अर्ध्या वाटेतूनच!

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी स्वतःच बूट काढून युसुफभाईंच्या हातात दिले. म्हणाले, "नियम म्हणजे नियम." भला माणूस!

रेखा उठली. ओढणीची चिंधी फाडून पुढे कोंबली, नाडी आवळली. "बाई, मीबी पाहू का धावून?" मी हातानेच जा म्हटलं. ती गेली, आली आणि दुकानासमोर न थांबता पुन्हा काट्याकडे वळली! ते गृहस्थ उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी चक्क रडत होते.

दोन-तीन महिन्यांनी रेखा बूट परत घेऊन आली. भरती झाली होती! युसुफभाईंनी चिठ्ठी काढली. 'तीन'वर काट मारून 'चार' केलं. त्याच्या खाली, त्या दिवशीच लिहिलेली ओळ होती, 'एक नापास. मुंबई.'

प्रवीण म्हणाला, "चाचा, ते नापास तरी खोडा ना! चांगल्या बुटाले उगाच डाग."

युसुफभाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "काऊन खोडू? आपन खोट कधी लपवली हाय का?"